वेलीला शोभेल असा झगा

नवरीच्या डोक्यावरून पाठीवर सोडलेल्या पातळ पांढऱ्या जाळीला माझ्या ख्रिस्ती मैत्रिणी 'वेल' म्हणतात. शब्द इंग्रजीतला, पण मराठी कानाला तो भलताच गोड लागतो. आपल्याकडे वेल म्हटलं की जाईजुई डोळ्यांपुढे येते, आणि गंमत म्हणजे या जाळीवरही बहुतेक वेळा पानाफुलांची वेलबुट्टीच असते. म्हणून मी इथे तोच शब्द वापरणार आहे. घुंगट, ओढणी, बुरखा यांपैकी एकही शब्द तिथे नीट बसत नाही.

लग्नाच्या खरेदीला निघालेल्या मुली हल्ली विचारतात, या झग्यावर कुठली वेल शोभेल? लांब की आखूड, साधी की किनारीची? प्रश्न रास्त आहे. झगा आधी ठरतो, त्यावर हजारो रुपये जातात, आणि वेल शेवटी बांगड्या-पिनांबरोबर घेतली जाते. पण जुनी माहिती चाळायला लागलं की दिसतं, हा क्रम पूर्वी बरोबर उलटा होता. आधी वेल असायची आणि तिला शोभेल असा झगा शिवायचा. कारण अगदी व्यवहारातलं होतं. जाळी सगळ्यात महाग होती. झगा काय, चार दिवसांत शिवून होई. जाळीला महिने लागत आणि शेकडो बायकांचे डोळे लागत.

ती गोष्ट सांगण्याआधी थोडं मागे जाते. शिक्षिकेची खोड आहे, वर्गात पेशवाई शिकवायची तरी सुरुवात यादवांपासून करायची.

प्राचीन रोममध्ये नवरीच्या डोक्यावर जे वस्त्र असे, त्याला 'फ्लॅमियम' म्हणत. ते पांढरं मुळीच नव्हतं. अंड्याच्या बलकासारखा पिवळा, ज्वाळेकडे झुकणारा त्याचा रंग. म्हणजे आपल्या अष्टपुत्रीला अगदी परका वाटू नये असाच! लॅटिनमध्ये स्त्रीच्या लग्न करण्याला जे क्रियापद आहे, त्याचा संबंध झाकण्याशी, ढगाच्या आवरणाशी लावतात. पुढे मध्ययुगात इंग्लंडच्या चर्चमध्ये आशीर्वादाच्या वेळी नवरानवरी दोघांच्या डोक्यावर एक कापड धरायची पद्धत होती. आपला अंतरपाट दोघांच्या मधे असतो आणि मंगलाष्टकं संपली की दूर होतो. त्यांचं कापड दोघांना एकत्र झाकायचं. हे वाचलं तेव्हा मला उगाचच बरं वाटलं.

रंगाचं म्हणाल तर युरोपातही नवरी पांढऱ्यातच असली पाहिजे असा दंडक कित्येक शतकं नव्हता. घरात असलेला सगळ्यात चांगला पोशाख घालायचा, मग तो निळा असो, लाल असो की तपकिरी. स्कॉटलंडची राणी मेरी १५५८ मध्ये पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये पांढऱ्या पोशाखात बोहल्यावर चढली तेव्हा लोकांना ते विचित्र वाटलं, कारण फ्रान्सच्या राण्या पांढरा रंग सुतकात नेसत. पांढरं म्हणजे विधवेचं, हे फक्त आपल्याच आज्यांना वाटत होतं असं नाही. १८१६ मध्ये इंग्लंडच्या राजकन्या शार्लटचं लग्न झालं तेव्हा तिचा झगा चांदीच्या जरीचा, चमचमता होता. राजघराण्यात तीच रीत होती. राजाच्या मुलीनं चांदी ल्यावी, साधं पांढरं नव्हे.

मग १८४० मध्ये व्हिक्टोरियानं साधं पांढरं साटीन का निवडलं?

शाळेच्या पुस्तकांतून 'पावित्र्याचं प्रतीक' वगैरे उत्तर तयार असतं. ते नंतर चिकटवलेलं आहे. पांढऱ्याचं कारण लेस होतं. मोठ्या कष्टानं करवून घेतलेली लेस उठून दिसावी म्हणून तिच्याखाली नितळ पांढरं साटीन हवं होतं. चांदीच्या जरीवर ती हरवून गेली असती.

ही लेस होनिटनची. होनिटन हे इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन परगण्यातलं गाव. तिथून लंडनला जाणाऱ्या घोडागाडीत लेस चढवली जाई म्हणून साऱ्या परिसरातल्या लेसला गावाचं नाव पडलं. विणणाऱ्या बायका मात्र आसपासच्या किनाऱ्यावरच्या खेड्यांत, बहुतेक कोळ्यांच्या आणि शेतमजुरांच्या घरांत. आपल्याकडे पैठणी म्हटलं तरी ती विणली जाते येवल्यातही, तसंच हे.

करण्याची पद्धत मोठी चिकाटीची. गवताचा भुसा ठासून भरलेली कडक उशी मांडीवर घ्यायची. तिच्यावर नक्षीचा कागद लावायचा, नक्षीच्या प्रत्येक ठिपक्यावर टाचणी रोवायची आणि अतिशय बारीक सूत गुंडाळलेल्या लाकडी कांड्या एकमेकींवरून फिरवत टाचण्यांभोवती धाग्यांचे पीळ घालत जायचं. एक फूल, एक पान, एक डहाळी असं सुटं सुटं करायचं आणि नंतर ते सगळं जोडायचं. हे होनिटनचं वैशिष्ट्य. एक बाई फक्त फुलं करी, दुसरी फक्त पानं, तिसरी ती जोडून देई. लहान मुलींसाठी 'लेसच्या शाळा' होत्या. शाळा म्हणायचं, पण शिकवायचं ते मुख्यतः उशीवर वाकून बसायला. माझ्या नोकरीचा काळ आठवून सांगते, सहा-सात वर्षांच्या मुलीला एका जागी अर्धा तास बसवणं हेच दिव्य असतं. तिथे दिवसचे दिवस बसायचं आणि ते सुद्धा सूत मळू न देता.

फुलांमधली मोकळी जाळी सुद्धा पूर्वी हातानंच होई, आणि तीच सगळ्यात महाग. असं सांगतात, की अठराव्या शतकात या जाळीच्या तुकड्याची किंमत ठरवताना तो टेबलावर पसरत आणि त्यावर मावतील तितके शिलिंग मांडत. ते सगळे शिलिंग म्हणजे त्याची किंमत. बाईला त्यातलं काय मिळे ते वेगळं. अनेक ठिकाणी मजुरी रोख न देता व्यापाऱ्याच्याच दुकानातला माल, म्हणजे चहा, साखर, कापड, त्याच्याच भावानं गळ्यात मारत. १८३१ मध्ये याविरुद्ध कायदा झाला, तरी डेव्हनच्या खेड्यांत हा प्रकार पुढे बरीच वर्षं चालू राहिला. कायदा लंडनमध्ये होतो आणि दुकान गावात असतं.

या धंद्यावर घाव घातला जॉन हीथकोटनं. त्यानं १८०९ मध्ये जाळी विणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. लेसवालीच्या हाताच्या हालचाली निरखून त्यानं त्या लोखंडात उतरवल्या. जी जाळी बाई कित्येक दिवसांत करी, ती यंत्रातून थानासारखी बाहेर पडायला लागली. १८१६ च्या जून महिन्यात लफबरो गावातल्या त्याच्या कारखान्यावर रात्री यंत्रफोड्यांनी हल्ला केला आणि ५५ यंत्रं मोडून टाकली. हीथकोटनं ते गाव सोडलं आणि कारखाना हलवला तो कुठे, तर डेव्हनमध्ये, टिव्हर्टनला. म्हणजे हातानं लेस करणाऱ्या बायकांच्या अगदी शेजारी! त्याचे कित्येक कामगार त्याच्यामागोमाग शेकडो किलोमीटर पायी चालत तिथे गेले. यंत्र मोडणारेही कामगार आणि यंत्रामागे चालत जाणारेही कामगार. इतिहास शिकवताना असं काही आलं की फळ्यावर 'कारणे व परिणाम' असे दोन रकाने पाडणं अवघड होई.

तर १८३० च्या सुमारास होनिटनच्या बायकांची अवस्था बिकट होती. राजघराण्यातल्या स्त्रियांनी त्यांना हात द्यायचा प्रयत्न केला. चौथ्या विल्यमच्या राणीनं, ॲडलेडनं, होनिटन लेसचा पोशाख करवून घेतला. त्यावरच्या फुलांची नावं अशी निवडली होती की त्यांची आद्याक्षरं ओळीनं वाचली की राणीचं नाव तयार होई. (आपल्याकडे उखाण्यात नाव घेतात, तिनं फुलांत घेतलं.) मग आली व्हिक्टोरिया.

तिच्या लग्नाच्या लेसचं काम जेन बिडनी नावाच्या बाईंवर सोपवलं होतं. त्या मूळच्या बिअर गावच्या. गावाच्या नावाचा त्या पेयाशी काही संबंध नाही! बिअर आणि आसपासच्या खेड्यांतल्या दोनशेहून अधिक बायका या कामाला लागल्या. नक्षी चित्रकार विल्यम डाइस यांची. काम संपल्यावर नक्षीचे कागद नष्ट केले, म्हणजे तशी लेस दुसऱ्या कुणाला करता येऊ नये. १० फेब्रुवारी १८४० ला लंडनच्या सेंट जेम्स राजवाड्यातल्या चॅपलमध्ये लग्न लागलं. झग्याचं साटीन लंडनच्याच स्पिटलफील्ड्सच्या विणकरांचं, त्यावर होनिटनची रुंद झालर आणि डोक्यावर त्याच नक्षीची वेल. मुकुट नाही, फक्त संत्र्याच्या फुलांची माळ. वेल चेहऱ्यावर ओढलेली नव्हती, मागे पाठीवर सोडली होती. स्वतः राणी असलेल्या मुलीनं तोंड झाकायचं कुणासाठी? मागचा घोळ धरायला बारा करवल्या होत्या आणि तेवढ्या जणींना तो पुरेना, त्यामुळे त्या एकमेकींच्या पायात येत होत्या, असंही एका करवलीनं लिहून ठेवलंय. आपल्याकडे एका अंतरपाटाला चार मामे लोंबकळतात, त्यातलाच प्रकार.

राणीनं या लेसचं पुढे काय केलं ते मला जास्त आवडतं. ती कपाटात बंद करून ठेवली नाही. मुलांच्या बारशांना, लग्नांना ती पुन्हा पुन्हा अंगावर घेतली. १८८५ मध्ये धाकटी मुलगी बिअॅट्रिस हिच्या लग्नात ती वेल तिला दिली. बाकीच्या मुलींना तो मान मिळाला नव्हता. १८९७ मध्ये कारकिर्दीला साठ वर्षं झाली, तेव्हाच्या अधिकृत छायाचित्रात विधवा राणीच्या डोक्यावर लग्नातली तीच लेस आहे. आणि १९०१ मध्ये ती गेली तेव्हा तिच्याच इच्छेनुसार तिच्या चेहऱ्यावर लग्नातली वेल पांघरली. आपल्याकडच्या कितीतरी बायकांनी शेवटच्या प्रवासासाठी लग्नातला शालू जपून ठेवलेला मी पाहिला आहे. पण त्या सवाष्ण गेल्या तर. हिला नवरा जाऊन जवळजवळ चाळीस वर्षं झाली होती, आणि तो शालू तिच्याकडून कुणी काढून घेतला नाही.

होनिटनच्या बायकांचं भलं झालं का? काही वर्षं झालं. राणीसारखी वेल हवी म्हणून श्रीमंतांच्या मागण्या आल्या. पण राणीमुळे जी फॅशन पसरली ती पसरली कुणाच्या जिवावर? हीथकोटच्या जाळीच्या! हातानं केलेली वेल सामान्य घरातल्या मुलीला परवडणार नव्हती. यंत्राची जाळी परवडत होती. मग मधला मार्ग निघाला. जाळी यंत्राची घ्यायची आणि त्यावर हातानं केलेली चार फुलं टाकायची. नंतर नॉटिंगहॅमच्या यंत्रांना फुलंही जमायला लागली. ज्या यंत्रानं बायकांचा धंदा खाल्ला, त्याच यंत्रानं वेल मजुराच्या मुलीच्या डोक्यावरही आणली. मी दोन्ही खरं मानते आणि दोहोंपैकी एकावरच टाळ्या वाजवायला माझा हात उठत नाही.

इथे मला एक तारीख खुपते. त्याच १८४० मध्ये, लंडनमध्येच, संसदेच्या चौकशी समितीपुढे चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांनी साक्ष दिली, की ढाक्याची वस्ती दीड लाखावरून तीस-चाळीस हजारांवर आली आहे. मलमलीचं ढाका! ज्या कापडाचं नाव घेतलं की युरोपातल्या बायका श्वास रोखत, त्या गावातून विणकर निघून गेले होते आणि मोकळ्या जागेत रान वाढत होतं. लँकेशायरच्या गिरण्यांचा माल हे त्याचं एक मोठं कारण. डेव्हनच्या दोनशे बायकांसाठी राणीनं आपल्या लग्नाचा झगा पणाला लावला, ते चांगलंच केलं. ढाक्याच्या विणकरासाठी मात्र कुणी राणी बोहल्यावर उभी राहायची नव्हती. तिचं वय तेव्हा वीस, तिला दोष देण्यात अर्थ नाही. पण ही दोन दृश्यं एकाच वर्षातली आहेत एवढं आपल्या पुस्तकांत शेजारी शेजारी छापायला हरकत नव्हती.

लेस आपल्याकडेही आली, आणि अशा ठिकाणी आली की आपल्याला तिचं सोयरसुतक असावं. आपली गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, पैठणला पैठणीला आपलं नाव देणाऱ्या गावाला वळसा घालते आणि आंध्रात समुद्राला मिळण्याआधी नरसापूरवरून जाते. त्या नरसापूर भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या बायकांनी स्थानिक बायकांना क्रोशाची लेस शिकवली. सुरुवातीला शिकणाऱ्या बहुतेक गरीब ख्रिस्ती घरांतल्या. पुढे ते काम शेतकरी जातींच्या, घराबाहेर न पडणाऱ्या बायकांपर्यंत पोचलं. माल परदेशी जाऊ लागला. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी नरसापूरच्या या लेसवाल्यांवर १९८२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यातला मुद्दा असा, की दिवसाचे सहा-सात तास सुई चालवणाऱ्या या बायकांची गणना कामगार म्हणून होतच नव्हती. त्या 'गृहिणी' आणि त्यांचं काम म्हणजे 'फावल्या वेळचा उद्योग'! व्यापार करणारे पुरुष बघता बघता मोठे झाले, आणि विणणारी तिथेच, दारातल्या उजेडात. नरसापूरच्या क्रोशा लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ही चांगली बातमी. फावल्या वेळाबद्दल मात्र मला आमच्या घरातल्या बायका आठवतात. शेवया, पापड, गोधड्या, सगळं फावल्या वेळात. तो वेळ फावायचा कधी, हे कुणी विचारलं नाही.

असो. वेलीकडे परत येऊ.

विसाव्या शतकातली चार लग्नं सांगते, म्हणजे 'काय कशावर शोभतं' या मूळ प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळेल.

२० नोव्हेंबर १९४७. इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ. युद्ध संपलं होतं, पण कापड अजून कूपनवर मिळत होतं. राजकन्येनंही कूपनं साठवली, सरकारनं थोडी जास्तीची दिली. देशभरातून मुलींनी आपापली कूपनं पाठवली, आणि कूपन दुसऱ्याला देणं बेकायदा म्हणून ती परत करण्यात आली. झग्याचं रेशीम शत्रुराष्ट्राच्या किड्याचं तर नाही ना, याचीही चौकशी झाली. नॉर्मन हार्टनेल या शिंप्याला ते चीनचं असल्याचं सांगावं लागलं! त्या झग्यावर दहा हजार मोती होते, म्हणून वेल अगदी साधी, नुसत्या रेशमी जाळीची. सकाळी वेल धरून ठेवणारा हिऱ्यांचा मुकुट डोक्यावर चढवताना मोडला आणि सराफाला बोलावून घाईघाईनं जोडून घ्यावा लागला. प्रत्येक लग्नात काहीतरी मोडतंच.

या लग्नाचा आपल्याशी एक धागा आहे, अगदी शब्दशः. महात्माजींना भेट द्यायची होती, पण जवळ वस्तू कुठली? तेव्हा त्यांनी स्वतः काढलेल्या सुताचं लेससारखं विणलेलं एक वस्त्र माउंटबॅटन यांच्या हाती पाठवलं. मधोमध 'जय हिंद' विणलेलं. ते होतं ताटावर घालायचं आच्छादन. नवरीच्या आजीला, म्हाताऱ्या मेरी राणीला, तो गांधींचा पंचा वाटला आणि ती फार नाराज झाली, असं सांगतात. राणी एलिझाबेथनं मात्र ते जपून ठेवलं आणि पुढे आपले पंतप्रधान लंडनला गेले तेव्हा त्यांना दाखवलं. ढाक्याची ती साक्ष १८४० ची, आणि हे सूत १९४७ चं. मधल्या शंभर वर्षांत चरखा कुठून कुठे गेला ते वेगळं सांगायला नको.

दुसरं लग्न अमेरिकेतलं, १२ सप्टेंबर १९५३. जॅकलिन आणि जॉन केनेडी. या नवरीच्या डोक्यावर होती तिच्या आजीची लेसची वेल. म्हणजे वेल आधीच ठरलेली, आणि तिच्या जोडीला झगा शिवायचा होता. तो शिवला ॲन लो या कृष्णवर्णीय बाईंनी. त्यांची पणजी गुलामगिरीत जन्मलेली, आई आणि आजी दोघी शिवणकाम करणाऱ्या. लग्नाला दहाच दिवस उरले असताना त्यांच्या कामाच्या जागेत पाणी शिरलं आणि नवरीचा झगा व करवल्यांचे बहुतेक पोशाख वाया गेले. दोन महिन्यांचं काम! त्यांनी पदरचे पैसे घालून नवं रेशीम आणलं, रात्रंदिवस बसून सगळं पुन्हा शिवलं, आणि नवरीच्या घरी चकार शब्द काढला नाही. तोटा सोसला तो स्वतःच. झगा पोचवायला गेल्या तेव्हा मागच्या दारानं या असं सांगितलं, त्यावर 'मग झगाही परत जाईल' असं त्यांनी ठणकावलं, अशी आठवण सांगतात. दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांत तो झगा झळकला. शिवणारीचं नाव जवळजवळ कुठेच नव्हतं.

त्या झग्याची छायाचित्रं बघा. गळ्याभोवती आणि घेरावर भरपूर काम आहे, पण वरचा भाग असा कापलाय की आजीची वेल खांद्यावरून मोकळी पडावी. जुनी वेल कधीच शुभ्र नसते, ती दुधाच्या सायीसारखी पिवळसर होते. तिच्याखाली टिनोपॉलसारखं पांढरं कापड घातलं की वेल मळकट दिसते. लोबाईंनी हस्तिदंती रंगाचं रेशीम घेतलं होतं. जिच्या घरी आजीची वेल असेल तिनं एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वेल धुऊन पांढरी करायच्या फंदात पडू नये, कापड तिच्या रंगाचं शोधावं.

तिसरं ग्रेस केलीचं, मोनॅकोमध्ये १९ एप्रिल १९५६ ला. ती चित्रपटातली नटी, साऱ्या जगाला तिचा चेहरा बघायचा होता. म्हणून हेलन रोझ यांनी वेल डोक्याला घट्ट बसणाऱ्या छोट्या टोपीला जोडली आणि चेहऱ्यापुढची बाजू मोकळी, विरळ ठेवली. लेसचं काम कडेला. चौथं डायनाचं, २९ जुलै १९८१. झग्याचा मागचा घोळ २५ फुटांचा आणि वेल त्याहूनही लांब. कापड टॅफेटा. ते बंद गाडीत घडी घालून बसवलं आणि सेंट पॉल चर्चच्या पायऱ्यांवर उतरलं तेव्हा सगळ्या जगानं त्याच्या चुण्या पाहिल्या. चित्रात झकास, गाडीत अडचण. साधं आहे, जिथे जायचं तिथलं दार आणि ज्यातून जायचं ती गाडी आधी मोजावी, मग लांबी ठरवावी.

अलीकडची दोन लग्नं तुम्ही टीव्हीवर पाहिलीच असतील. २०११ मध्ये केटच्या झग्यावर लेसच लेस होती, तर वेल आखूड आणि जवळजवळ साधी. ते काम करणाऱ्या बायका दर अर्ध्या तासानं हात धूत होत्या आणि दर तीन तासांनी सुया बदलत होत्या. २०१८ मध्ये मेगनचं बरोबर उलटं. झगा अगदी कोरा, आणि पाच मीटरच्या वेलीच्या कडेला राष्ट्रकुलातल्या ५३ देशांची फुलं. आपलं कमळही त्यात होतं. दोन्हींत एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं, एवढाच नियम. दोघंही बोलायला लागले की लग्नघर होतं.

हे सगळं झग्याबद्दल झालं. आपल्याकडे वेलीखाली नेहमी झगाच असतो असं नाही. वसईकडे जुन्या बायकांचं लुगडं लाल. तिथल्या एका शाळेत मी काही वर्षं होते. तेव्हा माझ्या बरोबरच्या शिक्षिका पांढऱ्या साडीवर वेल लावून लग्नाला उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या आज्या लाल लुगड्यात पहिल्या बाकावर बसल्या. साडीवर वेल लावणं हे एक शास्त्रच आहे. पदर डोक्यावरून घेतला तर वेल कशाला, आणि खांद्यावर घेतला तर वेल आणि पदर एकमेकांत गुंततात. त्यावर तिथल्या शिवणाऱ्या बायकांचा तोडगा असा, की वेल अंबाड्याच्या वर, कपाळापासून चार बोटं मागे, बारीक कंगव्याला शिवून लावायची आणि तिची लांबी पदराच्या टोकापेक्षा वीतभर कमी ठेवायची. साडीला जरीचा काठ असेल तर वेलीला किनार नको, नुसती कड दुमडून घ्यायची, नाहीतर जर जाळीत अडकून उसवते.

गोव्यात नवरी चर्चमध्ये पांढऱ्यात असते, पण नंतर लाल 'साडो' घालते. त्याचं कापड बेतायचा दिवस सुद्धा ठरलेला असतो, शिंपी घरी येतो, फटाके वाजतात. पांढरं आलं तरी लाल कुठे गेलं नाही. केरळच्या सीरियन ख्रिस्ती लग्नात तर दोन वस्त्रं आहेत. नवरी येते ती वेल लावून, आणि ताली बांधून झाल्यावर नवरा तिच्या डोक्यावर 'मंत्रकोडी' नावाची रेशमी साडी पांघरतो. ती ताली ज्या दोऱ्यात ओवतात, तो दोरा त्याच साडीतून काढलेल्या सात धाग्यांचा असतो. तेव्हा मंत्रकोडी घेताना तिथल्या बायका रंग आणि काठ नंतर पाहतात. आधी पदराचं टोक बोटांत धरून धागा न तुटता सरळ ओढला जातोय ना, ते बघतात.